मेलबर्नच्या अलीकडे

“पण बंद नेमकं पडतं कुठं?” हरदास सरांनी विचारलं.

“तेच सांगून राहिलो ना सर मघापासून. कुठं असं नाही. मेलबर्न जवळ आलं की पडतं.”

“म्हणजे मेलबर्नजवळ पडतं.”

“हो.”

“मग कुठं असं नाही, असं काहून म्हणतोस?”

निरंजननं ओठ आवळले. एवढा शिकलेला माणूस, त्याला कोणी असं उलटतपासणीला घेण्याची सवय राहिली नसावी.

मला बरं वाटलं. मी खरं ते सांगतो, लपवत नाही.

अमरावतीत ज्याला म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचं वेड लागलं, तो कधी ना कधी हरदास सरांच्या माडीवर येतोच. सर एके काळी फ्लाइंग क्लबात खरोखरच्या विमानावर शिकवायचे. पुढं क्लब बंद झाला, सरांचे गुडघे गेले, आणि ही माडी तेवढी राहिली. कोणाचं चित्र अडखळतं, कोणाचं विमान हवेतच थिजतं, कोणाचा अख्खा प्रोग्राम उडत्या विमानासकट बंद होतो आणि माणूस रिकाम्या पडद्याकडे पाहत बसतो. असं झालं की लोक मशीन उचलून इथं घेऊन येतात.

सरांचा नियम एकच. ते मशीनला हात लावत नाहीत. ज्याचं मशीन, त्यानंच हात घालायचा. सर फक्त विचारतात, आणि विचारून विचारून जीव नकोसा करतात.

मी वऱ्हाडपांडे. मला विमान-बिमान काही उडवता येत नाही, मी तिथं नुसता चहाला असतो. पद्माकर देवपुजारी माझा मित्र. त्याच्या मागं मागं जायला लागलो, आणि आता तो नाही तरी जातो. दुपारी घरात बसवत नाही.

निरंजन हा पद्माकरचा मुलगा. मेलबर्नला एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरच्याच कामावर असतो. बाप गेल्यावर आला. अग्नी पुतण्यानं दिला, हा तेराव्याला पोचला. परवा त्याचं परतीचं विमान होतं, आणि आज हा बापाचं विमान घेऊन सरांपुढं बसला होता.

“सर, माझं सगळं करून झालंय,” तो म्हणाला.

“ग्राफिक्स कार्ड?”

“नवीन.”

“मेमरी?”

“नवीन. भरपूर.”

“विंडोज?”

“पुसून परत टाकलं.”

“ड्रायव्हर?”

“नवा टाकून पाहिला, जुनाही टाकून पाहिला.”

“तापतं का?”

“नाही. मी समोर बसून होतो. गार आहे.”

“मग जुनं काय राहिलं?”

“जुनं काहीच नाही. अख्खं मशीन नवीन आहे, सर. कालच नागपूरहून आणलं.”

“आणि बंद पडतं ते विमान?”

“ते... बाबांचं.”

सरांनी मान हलवली.

पद्माकर शाळेत भूगोल शिकवायचा. जन्मभर नकाशे लावले-काढले, पण स्वतः विमानात कधी बसला नाही. पोरगा परदेशी स्थिरावला, ‘या ना बाबा’ म्हणाला, तोवर ह्याचं हृदय बिघडलेलं. डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केला. मग ह्यानं काय करावं? कॉम्प्युटरवर एक लहानसं एका इंजिनाचं विमान घेतलं आणि जवळच्या अकोल्याच्या धावपट्टीवरून मेलबर्नला निघाला!

रोज संध्याकाळी थोडं उडायचं, पोचलो तिथं साठवून ठेवायचं, दुसऱ्या संध्याकाळी तिथूनच पुढं. वेळ पळवायची सोय असते म्हणे त्या प्रोग्रामात. ती वापर म्हटलं तर चिडायचा. “भूगोलाच्या मास्तरनं मधले देश गाळायचे काय रे?” म्हणायचा. समुद्रावर कितीतरी संध्याकाळी खाली नुसतं पाणी. हा पाहत बसायचा. दुसऱ्या दिवशी माडीवर येऊन सांगायचा, “काल सुमात्रा उजव्या हाताला राहिलं.” आम्ही हसायचो. तोही हसायचा.

असा करत करत मेलबर्नच्या अलीकडे आला, आणि अडकला. विमान शहराजवळ गेलं की चित्र धक्के खाऊ लागायचं, मग सगळंच बंद. रोज संध्याकाळी तेच. गेला त्याच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा तेच.

“मला ते उतरवायचंय, सर,” निरंजन म्हणाला. “जायच्या आधी. दुसरं काही करायचं उरलंच नाही माझ्या हातात. एवढं तरी...”

त्यानं चटकन स्क्रीनकडे तोंड वळवलं.

“उतरव ना,” सर म्हणाले. “कोणी धरलंय तुला?”

“सर!”

“सेटिंग खाली आण. झाडं कमी, ढग कमी, रस्त्यावरच्या गाड्या बंद. होईल हलकं.”

“आणलं. अगदी तळाला नेलं. तरी पडतं.”

“मग पद्माकरनं त्या प्रोग्रामात वरून जे जे टाकलंय त्यातलं अर्धं काढ. चालव. नाही पडलं, तर खोट काढलेल्यात आहे. पडलं, तर राहिलेल्यात. मग त्याचं अर्धं...”

“माहीत आहे हो मला पद्धत. रोजचं काम आहे ते माझं.” आता त्याचा आवाज चढला होता. “पण बाबांनी काय थोडं टाकलंय? जगभरचं गोळा करून ठेवलंय. आणि दर वेळी साठवलेल्या जागेपासून उडत यावं लागतं. परवा निघायचंय मला!”

कूलर घरघरत होता. खाली रस्त्यावर कोणीतरी ऑटोवाल्याशी भांडत होतं.

“मग असं कर,” सर म्हणाले. “जे काढावंसं तुला सगळ्यात कमी वाटतं, ते पहिले काढ.”

“ही काही पद्धत नाही, सर.”

“नसेल.”

निरंजन स्क्रीनवर पद्माकरचं सामान चाळू लागला. मीही खुर्ची ओढून जवळ गेलो. विमानतळ होते, बेटं होती, नद्या होत्या, एका बंदरातल्या बोटीसुद्धा होत्या. प्रत्येकाला त्या मास्तरनं नीट मराठीत नाव दिलं होतं. निरंजन भराभर खाली जात होता. अगदी तळाशी गेला आणि तसाच उलटा वर आला.

“वर काहून गेलास?” सरांनी विचारलं.

“असंच.”

“खाली काय आहे?”

“एक फोल्डर आहे.”

“नाव?”

निरंजन माउस नुसता फिरवत राहिला. नाव मी वाचलं होतं. ‘निरंजन’ असंच होतं.

“उघडलंस का ते?”

“नाही.”

“आल्यापासून?”

“नाही उघडलं, सर... नाही झालं.”

“मशीन मात्र सगळं उघडून बदललं.”

हे जरा जास्तच झालं असं मला वाटलं. पण सरांचं तोंड धरणारा अजून जन्मायचा आहे.

निरंजननं फोल्डर उघडलं.

आत एक इमारत होती. तीन मजली, राखाडी रंगाची, पुढं अरुंद बाल्कन्या. कोणाची ते मला कळेना. निरंजनला कळलं. तो खुर्चीत मागं सरकला.

“आमचंच घर आहे,” तो म्हणाला. “मेलबर्नचं... हे बाबांनी केलं? बाबांना हे कुठं येत होतं?”

“शिकला,” सर म्हणाले.

त्या प्रोग्रामात मेलबर्न होतं, पण निरंजनचं घर नव्हतं. मग पद्माकरनं ते स्वतः उभं केलं होतं. आणि भिंतींना काय लावलं होतं? पोरानं इतक्या वर्षांत पाठवलेले फोटो. बाल्कनीच्या जागी बाल्कनीचा फोटो, दाराच्या जागी दाराचा. स्वैपाकघराच्या खिडकीत सून उभी. वरच्या खिडकीत नात, तिच्या दातांना तार लावलेली. खाली गाडीच्या जागी गाडी, शेजारी नातीची सायकल. विमानातून दाताची तार दिसणार आहे का कोणाला? पण त्यानं लावली होती.

निरंजननं एका फोटोवर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. मग पुढचे नुसते मोजत गेला.

“ओरिजिनल पाठव, म्हणायचे,” तो हळू म्हणाला. “छोटे करून पाठवू नको. मी म्हणायचो, कशाला हवेत एवढे मोठे? फोनवर तर पाहता. सांगायचे नाहीत. नुसतं पाठव म्हणायचे.”

मग त्यानंच मला समजावून दिलं. अशा इमारतीला चित्र लावायचं तर बारकं करून लावतात. पद्माकरनं सगळेच्या सगळे फोटो आले तसे, पुऱ्या आकाराचे डकवले होते. विमान लांब असेतो काही होत नाही. घर नजरेच्या टप्प्यात आलं, की मशीन ते सगळे फोटो एकदम उचलायला जातं. नव्यालाही ते पेलत नाहीत. बसतं खाली.

“म्हणजे ह्याच्या घरानंच विमान पडत होतं?” मी विचारलं.



“काढ,” सर म्हणाले.

निरंजननं ते फोल्डर बाहेर काढून ठेवलं. साठवलेल्या जागेपासून विमान सुरू केलं. खाली पिवळी शेतं, मग टेकड्या, मग घरांच्या रांगा. ना धक्का, ना काही. शहर आलं, सगळं लख्ख. समोर धावपट्टीसुद्धा दिसायला लागली.

मी म्हटलं, “अरे वा! झालं की!”

पण निरंजन धावपट्टीकडे पाहतच नव्हता. तो डावीकडे खाली पाहत होता. तिथं नुसता एक हिरवा चौकोन होता. गवताचा.

त्यानं विमान तिथंच बंद केलं.

“असं नाही, सर. इथं काहीच नाही. असं उतरून काय करायचं?”

“पद्माकर हेच म्हणाला होता,” सर म्हणाले.

निरंजननं ते ऐकलं की नाही, कोण जाणे. त्याला काहीतरी सुचलं होतं. तो ताठ बसला, बाह्या सारल्या, आणि त्याची बोटं अशी काही चालायला लागली की आपण पाहतच राहावं. आपल्या कामात माणूस वाघ होता, हे कबूल करायला पाहिजे. दोन-चार ओळी लिहिल्या आणि फोटो एकामागून एक आपोआप बारीक होत गेले. मी चहा संपवायच्या आत त्यानं घर परत जागेवर नेऊन ठेवलं.

“झालं,” तो म्हणाला. अन् आमच्याकडे वळून हसला. बापाचं हसू होतं ते, हुबेहूब. “बघा! दहा मिनिटांचं काम होतं. एवढे महिने कोणाला कळलं नाही, बस.”

“कळलं होतं,” सर म्हणाले.

“कोणाला?”

“मला. त्यालाही. मीच सांगितलं त्याला.”

मी उडालोच. “अहो सर! मग सांगितलं तर केलं काहून नाही? तो इथं रोज तोंड पाडून बसायचा, आणि तुम्ही...”

“मी म्हटलं होतं, बस इथं, मी सांगतो तसं कर. घर राहील, विमानही उतरेल. नको म्हणाला.”

“नको? का?” निरंजननं विचारलं.

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

“म्हणाला, निरंजन बघणार आहे रविवारी.”

...

कूलरमधलं पाणी संपलं असावं. नुसता गरम वारा येत होता. उठून कोणी बघितलं नाही.

“कोणत्या...” निरंजन म्हणाला, आणि थांबला.

मग त्यानंच सांगितलं. आम्ही विचारलं नव्हतं. बाप फोन करायचा. तुझं मेलबर्न आलं की बंद पडतं रे, म्हणायचा. हा ऑफिसात असायचा, नाहीतर गाडीत, नाहीतर झोपायच्या घाईत. सेटिंग कमी करा बाबा, म्हणायचा. बंद करून चालू करा. आता नको, रविवारी बघतो. दर वेळी रविवार.

“मला वाटायचं खेळ आहे,” तो म्हणाला. “मला काय माहीत... म्हातारपणी हवा काहीतरी विरंगुळा, असं वाटायचं. आणि ते पण कधी म्हणाले नाहीत हो! एकदा म्हणायचं ना, की मी तुझ्याकडे येऊन राहिलोय म्हणून!”

आणि तो रडला. चांगला मोठ्यानं रडला, तोंड न झाकता. तेराव्याला मी त्याला पाहिलं होतं, कोरडा ठणठणीत, सगळ्यांना नमस्कार करत फिरणारा. तेव्हा मनात म्हटलं होतं, काय पोरगं आहे हे! राग माझा तसाच होता. अजूनही आहे. पण माणूस समोर असा रडत असला की रागाचं काय करायचं ते कळत नाही.

“पाणी घे, बेटा,” मी म्हटलं.

त्यानं घेतलं नाही. हातानंच तोंड पुसलं.

“उतरवतो,” तो म्हणाला.

“रविवार नाही आज,” सर म्हणाले.

काय हे बोलणं! मी सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा दगडासारखा. पण आताच पुसलेला चष्मा त्यांनी परत काढून पुसायला घेतला, ते मी पाहिलं. पद्माकर त्यांचाही मित्र होता. शेवटचा चेलाही होता.

निरंजननं विमान सुरू केलं.

परत ती पिवळी शेतं, त्या टेकड्या. त्याला उडवायची सवय नव्हती. विमान कधी डावीकडे झुके, कधी उजवीकडे. पद्माकर कसं सरळ न्यायचा! सर एका शब्दानं मदत करत नव्हते. मी मनात देवाचं नाव घेत होतो, कॉम्प्युटरवरच्या विमानासाठी. हसायचं तर हसा.

शहर आलं. चित्र एकदा अडखळलं... निरंजनचा हात तिथंच थांबला. मग पुढं सरकलं.

डावीकडे खाली राखाडी इमारत आली. आता होती ती तिथं. फोटो बारीक केले होते, त्यामुळं खिडक्यांत माणसं असल्यासारखी वाटत होती, पण कोण ते ओळखू येत नव्हतं. निरंजननं तिच्यावरून एक घिरटी घातली. मग आणखी एक घातली.

मग तो धावपट्टीकडे वळला. फार उंचावर होता, फार वेगात होता. खाली आला तो दाणकन आपटला, उसळला, परत आपटला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा विमान धावपट्टीवरून हळूहळू चाललं होतं.

त्यानं ते एका कडेला नेऊन उभं केलं. इंजिन बंद केलं. पुढचा पंखा दोन-तीनदा फिरला आणि थांबला. इतका वेळ तो आवाज कानात होता. आता एकदम काहीच नाही.

“पोचले,” निरंजन म्हणाला. “सर... बाबा पोचले.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पद्माकर, पोचलास रे बाबा, असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

सर मात्र गुडघ्यांवर हात टेकत उठले. कण्हत कण्हत स्क्रीनजवळ आले, वाकले. चष्मा कपाळावर चढवला आणि नाक काचेला लागेल इतक्या जवळून पाहू लागले. उभं विमान पाहिलं. मागची शेड पाहिली. फाटक पाहिलं, फाटकाबाहेरचा रस्ता पाहिला. कुठं काही हलत नव्हतं. सर मात्र एकेक कोपरा तपासत होते.

निरंजन घाबरला. “काय झालं, सर? काही चुकलं का? काय शोधताय?”

सरांनी मान वर केली नाही.

“घ्यायला कोण आलंय, ते पाहून राहिलो.”